फी घेतली म्हणून

सहलताईंच्या ऑफिसात दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतभर नकाशा. खाली झेरॉक्सचं दुकान. अठरा वर्षं त्यांनी लोकांच्या सहली आखून दिल्या, त्याही फुकट. पोट चालायचं ते हॉटेलवाल्यांच्या आणि विमान कंपन्यांच्या कमिशनवर. म्हणजे बुकिंग झालं तर पैसे, नाहीतर चहासुद्धा पदरचा.

आणि बहुतेक वेळा चहा पदरचाच जायचा. ताईंनी तीन-तीन दिवस खपून आराखडा करायचा: कुठली बोट मंगळवारी बंद, कुठल्या हॉटेलला लिफ्ट नाही, औषधं थंड कुठे ठेवता येतील. गिऱ्हाइकाने "घरी विचारून सांगतो" म्हणत कागद उचलायचा, खाली चार प्रती काढायच्या आणि मोबाइलवर स्वतःच बुकिंग करून मोकळं व्हायचं. झेरॉक्सवाल्याने न राहवून एकदा सांगितलंच, की ताई, तुमच्या कागदांवर तुमच्यापेक्षा माझा धंदा बरा चालतो.

हे त्यांनी हसण्यावारी नेलंही असतं. पण एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी डोंगरावरच्या हॉटेलात पाठवलं, कारण तिथे कमिशन दुप्पट होतं. आजोबांना चढावर धाप लागली आणि दोघं तिसऱ्याच दिवशी परत आली. तक्रार केली नाही, उलट ताईंचे आभारच मानले. त्यानंतर आठवडाभर ताईंना अन्न गोड लागलं नाही.

त्यांनी दारावर पाटी लावली: आधी आराखड्याची फी, मग आराखडा.

धाकट्या बहिणीने डोक्याला हात लावला. ऑफिसचं अर्धं भाडं तीच भरायची, त्यामुळे बोलायचा हक्कही तिचाच. असल्या पाटीने लोक फिरकायचे नाहीत, त्यापेक्षा माझ्या बँकेत जागा निघालीय तिथे चिकट, असं तिने स्पष्ट सुनावलं. ताईंनी तीन महिने मागून घेतले. जमलं नाही तर ऑफिसची किल्ली तुझ्या हातात ठेवीन, म्हणाल्या. दोन महिन्यांत फक्त चार जणांनी फी भरली. बाकीचे पाटी वाचून जिन्यावरूनच माघारी फिरले.

तिसऱ्या महिन्यात हेडमास्तर आले. ताईंना शाळेत गणित यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या बायकोला नऊ वर्षांनी थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. बहीण दोन दिवसांच्या वाटेवर, आणि बाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाटी वाचून सरांचा चेहरा उतरला.

"माझ्याकडूनही घेणार?"

 ताईंची जीभ 'नाही' म्हणायला निघालीच होती. पण त्यांना धाप लागलेले आजोबा आठवले.

"हो सर. सगळ्यांकडून घेते."

सर जिना उतरून गेले. आठ दिवसांनी परत आले ते वही घेऊन. त्यात स्वतः फोन करून विचारलेल्या वाटेवरच्या दवाखान्यांची नावं, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे फुली. त्यांनी फी टेबलावर ठेवली आणि हाशहुश करत खुर्चीत बसले.

ताई चार दिवस फोनला चिकटून होत्या. एक दवाखाना मिळाला, तर तिथून पुढचा नऊ तासांवर. दुसरीकडे मशीन होतं, पण बाहेरचे पेशंट घेत नव्हते. शेवटी त्यांनी थेट थोरल्या बहिणीलाच फोन लावला आणि विचारलं, की तुम्हीच का येत नाही?  त्या म्हणाल्या की मला कोणी बोलावलंच नाही. धाकटीला पाहुणे झेपणार नाहीत म्हणून सगळे गप्प, आणि मी आपणहून कशी निघू? त्यांचा मुलगा शेजारीच होता. त्याने त्याच दिवशी गाडीने आणायचं कबूल केलं.

ताईंनी सरांना बोलावून कागद पुढे केला. वर एकच ओळ होती: तुम्ही जाऊ नका, त्या येतायत. खाली वाटेत कुठे थांबायचं, सरांच्या घरातली पहिल्या मजल्यावरची खोली कशी लावायची, डायलिसिसच्या दिवशी बहिणीने सोबत कुठे बसायचं, सगळं नीट लिहिलेलं.

सरांनी कागद उलटून पाहिला. हॉटेल नाही, तिकीट नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बुकिंग तर काहीच नाही. मग मी फी कशाची भरली?"

"सर, फी घेतली नसती तर मी तुम्हाला तिकिटं विकली असती," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं विकायला काही नसतंच."

 सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि ते उठले.

बहीण आली, तीन आठवडे राहिली. ती असतानाच, तिसरा महिना संपायच्या आत, सरांच्या ओळखीतले सहा जण जिना चढून आले, आणि सहाही जणांनी पाटी न वाचताच आधी पाकीट काढलं. किल्ली ताईंच्याच कमरेला राहिली.