टेरेसवरची अंघोळ

ओल्या फडक्यानं अंग पुसणं म्हणजे अंघोळ नव्हे, यावर माझे सासरे शेवटपर्यंत ठाम होते.

त्यांचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. आता दवाखान्यात नेऊन उपयोग नाही, दुखणं ताब्यात ठेवायचं आणि मागतील ते द्यायचं, असं घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आम्ही विचारलं, बाबा, काय हवंय? आंबा म्हणतील, अमेरिकेतल्या नातवाला बोलवा म्हणतील, असा माझा अंदाज होता.

"डोक्यावरून ऊन पाणी," ते म्हणाले. "तांब्यानं. मगानं नको. मगानं झाडांना घालतात."

जन्मभर त्यांनी अंघोळीआधी तोंडात घास घातला नव्हता. स्पंज सुरू झाल्यापासून ते पारोसे जेवत होते आणि तेही जेमतेम. ताट समोर आलं की वाटीतलं वरण भाताभोवती फिरवायचे आणि ताट तसंच परत पाठवायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, खुर्चीवर बसवा, दोघांनी धरा, पाणी फार कढत नको, घाला अंघोळ. अडचण होती ती आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोची.

ब्यूरोकडून दिवसपाळीला एक बाई येत. लोणी काळभोरहून निघून, स्वारगेटला बस बदलून, आमच्या चहाच्या वेळेला दारात हजर. सासऱ्यांना त्या 'आबा' म्हणत आणि सुनेनं दटावू नये इतकं दटावत. ते त्यांचं ऐकतही. पण ब्यूरोच्या नियमांत छापलेलं होतं, अंथरुणावरच्या पेशंटला कर्मचाऱ्यानं बाथरूममध्ये न्यायचं नाही. मी बँकेत हिशेब तपासणारी. नियम म्हटलं की तो वाकवण्याआधी मला फोन करावासा वाटतो. केला. ब्यूरोच्या साहेबांनी सांगितलं की घरच्यांनी आपल्या जबाबदारीवर न्यावं, आमच्या बाईनं हात लावायचा नाही. शिवाय उद्यापासून दुसरी बाई येईल. घरचे आणि बाई एकमेकांच्या फार सवयीचे झालेले ब्यूरोला चालत नाहीत. मग लोक परस्पर कामाला ठेवतात.

बाईंनी बातमी ऐकली आणि पदर खोचला. "आबा, उद्यापास्नं मी वाघोलीला हाय. न्हायचं आसंल तर आज."

नवरा त्या दिवशी घरूनच काम करत होता. एका कानाला कंपनीची मीटिंग अडकवून त्यानं टेपनं बाथरूमची चौकट मोजली, मग चाकाची खुर्ची मोजली. एक बोट जागा उरत होती. आमची इमारत त्या काळातली आहे, जेव्हा पुण्यात संगणकवाल्यांसाठी घरं उगवत होती. बिल्डरनं आमचा हॉल मोठा केला तो बहुतेक बाथरूममधून कापून.

बाई आधी आत जाऊन बादली भरू लागल्या. आम्ही दोघांनी सासऱ्यांना खुर्चीसकट ढकललं. खुर्ची निम्मी आत गेली आणि दारात पाचरीसारखी बसली. पुढे नाही, मागे नाही.

सासरे नोकरीत असेपर्यंत कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होते. त्यांनी शांतपणे डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"माप कुणी घेतलं?"

"मी," नवरा म्हणाला.

"चौकटीचं?"

"हो."

"आणि दार उघडल्यावर दाराची जाडी कुठे जाते? अमेरिकेला?"

तेवढ्यात मीटिंगमधल्या कुणीतरी नवऱ्याला मत विचारलं असावं. तो घाईनं म्हणाला, "वी आर स्टक." पलीकडून काहीतरी गंभीर चर्चा सुरू झाली. मला हसू फुटलं ते आवरेना. खुर्चीच्या दांड्या धरून मी जमिनीवर बसले. आतून बाईंचा आवाज आला, "वहिनी, ब्यूरोला सांगा, मी पेशंटला न्हेलं न्हाई. मीच आडकलीय." सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे वाकून पाहिलं, तर तेही हसत होते. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

खुर्ची हळूहळू डोलवत मागे काढली. पण आता सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. "राहू दे," ते म्हणाले. "पुसा."

त्या एका शब्दानं मला नियम आठवला. त्यात बाथरूम लिहिलं होतं. हॉलला जोडून आमची टेरेस आहे, तिचं दार दुप्पट रुंद, आणि टेरेसचा त्या कागदावर कुठेही उल्लेख नव्हता. मी हे मोठ्यानं बोलून दाखवलं. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. खुर्ची फिरवलीच.

कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकून आडोसा केला. सासऱ्यांना पंचा नेसवला. लघवीची पिशवी भाजीच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळली. देव्हाऱ्याजवळचा पितळी तांब्या आणला. नवऱ्यानं मीटिंग बंद केली आणि मागून काखेत हात घालून धरलं. मी सून, म्हणून पाठ करून उभी राहिले, तर बाई म्हणाल्या, "पाठ करा न्हायतर डोळं मिटा, पर बादली सरकवा." मी डोळे मिटून, भिंत चाचपत बादल्या सरकवल्या. एक नवऱ्याच्या पायावर गेली. तो ओरडला, बाई हसल्या, आणि पहिला तांब्या डोक्यावर पडला.

सासऱ्यांच्या तोंडून 'हाऽ' असा आवाज निघाला. मग दुसरा तांब्या. मग शिकेकाईचा वास. ऊन टेरेसभर पसरलेलं, चादर वाऱ्यानं उडून पुन्हापुन्हा माझ्या तोंडावर येत होती, आम्ही सगळे चिंब आणि बेताल हसत.

पाणी अर्थातच खालच्या टेरेसवर पडलं. खालच्या काकूंचा आवाज वर आला. "अहो, पाऊस फक्त आमच्याकडेच आहे का?"

मी उत्तर जुळवत होते. सासरे महिनाभर कुजबुजल्यासारखं बोलत होते. पाणी मागितलं तरी जवळ जाऊन कान द्यावा लागे. त्यांनी मान वर केली आणि साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मी अंघोळ करतोय!"

काकूंना त्यांचं दुखणं ठाऊक होतं.

"मग करा सावकाश," त्या म्हणाल्या. "साबण नीट लावा. उन्हात टाकलेली गादी मी आत घेते."

सासऱ्यांना कोरडं केलं, पांढरा सदरा घातला. बाईंनी भांग पाडला. ताट आलं तेव्हा त्यांनी वरणभात कालवला आणि तूप वाढायला सांगितलं. संध्याकाळी बाई निघाल्या. सासऱ्यांनी हात जोडले, तर बाई म्हणाल्या, "आबा, नव्या बाईला तरास देऊ नका. पर अंघोळ मागा."

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली. गणवेश कडक, बोलणं मऊ. तिनं टबात फडकं भिजवलं आणि विचारलं, "आजोबा, स्पंज करूया?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग टेरेसच्या दाराकडे.

"तांब्या कुठाय?" ते म्हणाले. "आणि काकूंना सांगा, गादी आत घ्या."