आधी पाखडा, मग पोतं शिवा

सन दोन हजार चार. मला छप्पन्नावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर दुसरी पास. मंचरजवळच्या बटाटा वेफर्सच्या कारखान्यात मी पट्ट्यावर होतो. पुडीत चुकून लोखंड गेलं तर ओरडणारं डिटेक्टर मशीन माझ्या ताब्यात.

तोवर पुड्या साध्या प्लॅस्टिकच्या होत्या. मग शेठनी चकचकीत चंदेरी पुड्या आणल्या आणि मशीन प्रत्येक पुडीला कोकलायला लागलं. पुण्याहून इंजिनिअर साहेब आला. त्यानं मशीनचा कान इतका मंद केला की ते गपगार झालं.

मी रोजच्यासारखी तपासणीची लोखंडी गोळी पुडीत टाकून सोडली. मशीन मुकं. गोळी खुशाल पलीकडं गेली. मी पट्टा बंद केला.

"पट्टा चालू व्हणार न्हाई," मी म्हणालो.

साहेब हसला. "बाबा, पुडीलाच धातूचा मुलामा आहे. एवढं चालायचंच."

"पोराच्या घशात तार गेली तर चालंल?"

शेठ तापले. "टेम्पो उभा हाय! चालू करा, न्हाईतर उद्यापासून घरी बसा."

घरी बसायची भीती नव्हती असं नाही. पण पट्ट्याच्या बटणावरचा हात मी काढला नाही. "शेठ, तुमी शेतकऱ्याचं पोर. ज्वारी आधी पाखडता, का पोतं शिवल्यावर? मशीन पुड्या भरायच्या आधी बसवा. उघड्या वेफर्सवर."

कारखान्यातला फिटर खो खो हसला. "म्हाताऱ्यानं लई बरोबर धरलं राव!"

साहेबानं डोकं खाजवलं. "होईल तसं."

दुपारपर्यंत मशीन पुड्या भरायच्या जागेच्या अलीकडं सरकवलं, कान पुन्हा तिखट केला. गोळी टाकली. असं ओरडलं की पुड्या भरणाऱ्या बाया दचकल्या! पट्टा मीच चालू केला.

तासाभरात ते परत ओरडलं. मी पट्टा थांबवला, तेवढे वेफर्स पांढऱ्या कापडावर पसरले. नखाएवढी तार निघाली. कढईतून वेफर्स वर काढणारी जाळी तुटली होती.

शेठनी तार तळहातावर घेतली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "हितनं पुढं बाबांनी गोळी टाकल्याबिगर पट्टा चालू करायचा न्हाई. कुणीच न्हाई. मीबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लग्नातला फेटा बांधून कामावर गेलो. आत जाताना डोक्याला जाळीची टोपी घालायचा नियम होता. मी ती फेट्यावरच चढवली, आणि गोळी टाकली.