कोपऱ्यातली सावली

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मास्तर दारातच थबकले. छताला जांभळे दिवे, डावीकडची अख्खी भिंत आरशांची, आणि नवरा-नवरी बसणार त्या स्टेजच्या मागे खालपासून वरपर्यंत नुसती काच! दुपारचं ऊन त्या काचेतून थेट डोळ्यांत घुसत होतं. उजेडाकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा फोटोत काळाठिक्कर पडतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हॉल बांधणाऱ्याला मात्र कळलं नव्हतं.

"इथे लग्न लावायचं की मासे पाळायचे?" मास्तर बायकोला म्हणाले.

"हळू बोला हो, नवरीचे मामा मागेच आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. "मान वर, हनुवटी खाली, खांदे सैल" असं बत्तीस वर्षं लोकांना दटावून दटावून हे नाव चिकटलं होतं. बायकोलाही कॅमेरा त्यांनीच शिकवला. स्टुडिओ दोघांचा, पण लग्नात नवरा-नवरीसमोरची जागा मास्तरांची. ती पाहुण्यांचे फोटो काढायची. आणि मास्तरांचा एक हट्ट होता, काढलेला फोटो स्क्रीनवर बघायचा नाही. रीळ होतं तेव्हा कोण बघत होतं? बघून खात्री करायची तर शिकलो कशाला, असं त्यांचं म्हणणं. हट्ट कसला, मस्तीच ती.

नवरा-नवरी येऊन बसले. मास्तरांनी सवयीने डावा डोळा मिटून उजवा कॅमेऱ्याला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात सावली होती. नवऱ्याचा गुडघा तिच्यात गडप झाला होता. कॅमेरा खाली घेतला तर गुडघा जागच्या जागी, लख्ख.

"आरशांमुळे होतंय," ते पुटपुटले आणि दोन पावलं सरकले. सावलीही सरकली. मग लेन्स पुसली. मग लेन्सच बदलली. मग त्या कोपऱ्यातले जांभळे दिवे बंद करायला लावले, त्यावरून हॉलच्या मॅनेजरशी वाजलं. तासाभरात सावली गुडघ्यावरून नवऱ्याच्या खांद्यापर्यंत चढली.  आता लग्नाच्या रजिस्टरवर सह्या होणार होत्या. तो क्षण गेला तर परत कुठून आणायचा? बत्तीस वर्षांत एकाही लग्नाचा मुख्य फोटो त्यांनी वाया घालवला नव्हता.

शेवटी ते बायकोजवळ गेले. "अगं, सगळे फोटो गेले. प्रत्येकात कोपरा काळा आलाय."

तिने त्यांच्या गळ्यातला कॅमेरा हातात धरला आणि स्क्रीनवर एकेक फोटो मागे नेत बघितला. दहा झाले, वीस झाले.

"अहो, कुठाय सावली?"

"खाली डावीकडे. आंधळी आहेस का?"

"फोटो छान आलेत. एवढ्या घाणेरड्या उजेडातसुद्धा छान आलेत." ती त्यांच्याकडे बघायला लागली आणि तिचा चेहरा बदलला. "डावा डोळा झाका जरा. माझ्याकडे बघा."

मास्तरांनी झाकला. बायकोचा अर्धा चेहरा नव्हता. उजवा झाकला, तर ती पूर्ण समोर उभी होती.

 दिवे, आरसे, लेन्स, मॅनेजर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. स्वतःच्या डोळ्यावर घ्यावा हे मास्तरांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिने तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून एकच वाक्य आलं, "आत्ताच्या आत्ता आणा."

"सह्या होऊ दे," मास्तर म्हणाले.

"चुलीत गेल्या सह्या!" ती एवढ्याने ओरडली की नवरीनेही मान वळवली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली होती. तिने कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातला. तिला त्यांच्याबरोबर जायचं होतं, जीव तिकडेच ओढत होता. पण मास्तर म्हणाले, "तू इथे थांब. दुसरं कोण आहे?" आणि नवरीच्या मामांनी कुणी न सांगताच गाडीची किल्ली काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं. मग सरळ बसून सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा फाटून सुटत चाललाय. मधला भाग अजून चिकटलेला आहे, ऑपरेशन आजच करायचं. किती नजर राहील हे आत्ता सांगता येणार नाही.

मामांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. 

"गेल्या काही दिवसांत डोळ्याच्या कडेला चमकल्यासारखं होत होतं का?" बाईंनी लिहितालिहिता विचारलं.

"होत होतं," मास्तर म्हणाले. "दहा-बारा दिवस. मला वाटलं, फ्लॅश आपोआप उडतोय. दुरुस्तीला टाकला."

बाईंचं पेन थांबलं.

"दुरुस्तीवाला म्हणाला, फ्लॅश ठणठणीत आहे, आपोआप उडतच नाही. मी त्याला दुकानात चारचौघांसमोर अडाणी म्हटलं. दोनदा फ्लॅश परत त्याच्याकडेच टाकला."

"तेव्हाच आला असतात तर नुसत्या लेझरवर भागलं असतं," बाई हळूच म्हणाल्या.