एकाच्या ओळखीवर सहाशे

"ह्ये पास न्हाई धरता येणार," मी म्हणाले.

लातूरच्या त्या ऑफिसात टेबलाभोवती आठ माणसं होती. पुण्याहून आलेले आमचे टेस्टिंगचे प्रमुख खुर्चीत मागे रेलले आणि माझा आवाज काढून म्हणाले, "ह्ये पास न्हाई धरता येणार." सगळे हसले. माझ्या शेजारी बसणारा उदगीरचा पोरगाही हसला. त्याच्या घरी असंच बोलतात. मग प्रमुखांनी हात लांब केला आणि माझ्या लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

"मॅडम, आधी शुद्ध बोलायला शिका. मग आम्हाला सर्व्हर शिकवा."

हसणं मी गिळलं असतं. सवय आहे. ते झाकण मात्र गिळता येईना. आत माझ्या नोंदी होत्या आणि त्या अजून कुणी बघितल्याही नव्हत्या.

काम असं होतं. इथल्या एका मोठ्या क्लासची निवड परीक्षा. निवड झाली की दोन वर्षं क्लास आणि वसतिगृह फुकट. केंद्रं किनवट, लोहा, धर्माबाद, उदगीर अशी लांब लांब. कुणी घरी बसून पेपर सोडवू नये म्हणून केंद्रातल्या प्रत्येक संगणकात एक डिजिटल प्रमाणपत्र टाकलेलं. संगणकानं ते दाखवलं तरच सर्व्हर दार उघडणार. सहाशे संगणक, सहाशे वेगळी प्रमाणपत्रं. परीक्षेआधी आम्ही लोड टेस्ट घ्यायची. म्हणजे सहाशे नकली परीक्षार्थी एकदम सोडायचे आणि सर्व्हर तग धरतो का ते बघायचं.

प्रमुखांनी सहाशे सोडले. सगळ्यांच्या हातात एकच प्रमाणपत्र, प्रमुखांच्या स्वतःच्या लॅपटॉपचं. सर्व्हरनं ते एकदा तपासलं आणि बाकीच्यांना जुनी ओळख म्हणून आत घेतलं. खरं जड काम होतं ते प्रत्येकाची ओळख तपासण्याचं. ते झालंच नाही. निकाल हिरवागार. रिपोर्टवर 'उत्तीर्ण', आणि खाली सही माझी हवी होती, कारण चाचणीची नोंद माझ्या नावावर होती.

"सहाशे बनवत बसलो तर दोन दिवस जातील," प्रमुख म्हणाले. "मशीनला काय कळतं? एक काय, सहाशे काय."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आठ वर्षांची असताना.

भूकंपात आमचं घर बसलं. आमची वस्ती गावाच्या कडेला होती. भूकंपानंतर तंबू पडले तेही कडेलाच. जमीन हलली, पण कोण कुठं राहायचं ते हललं नाही. लाल पट्टीच्या ब्लँकेटांचा ट्रक आला. घराला एक कार्ड होतं. कार्ड दाखवायचं, ब्लँकेट घ्यायचं, कारकून यादीत नावापुढे टिक करणार. माय मला घेऊन सकाळपासून रांगेत उभी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमचा नंबर लागला.

"तुमच्या वस्तीचं गेलं की," कारकून म्हणाला.

माय कार्ड पुढे धरून तशीच उभी. "सायेब, म्या तर आत्ता आले."

"टिक हाय बाई. येऊन गेलात तुमी."

गावच्या कारभाऱ्याचा थोरला पोरगा टेबलामागे खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आपलं एकट्याचं कार्ड दाखवून आमच्या चाळीस घरांचा माल उचलला होता. तो मायकडे न बघताच बोलला, "एक काय, चाळीस काय. तुमी समदे रांगंत लागलाव तर सांज व्हईल. देतो म्हणलं ना वाटून."

मी तोंड उघडलं. मायनं माझ्या दंडाला चिमटा काढला. कचकन. मी गप्प झाले.

थंडी पडली तेव्हा ते लाल पट्टीचं ब्लँकेट मी कारभाऱ्याच्या वासराच्या पाठीवर बघितलं. वासरू उबेत होतं. यादीत आम्हीही उबेत होतो.

पुढे लातुरातच शिकले. तोवर इथं क्लासचं पीक आलं होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोराचा फोटो, गळ्यात हार. आम्ही मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये शेवटच्या बॅचला शेकड्यांनी घाम पुसत बसायचो. गावाकडच्या आईबापांनी फोटो बघायचा आणि समजायचं की आपलंही असंच होणार. एकाला दाखवून सगळ्यांचं भागवायची आमच्या गावची ही रीत जुनीच आहे. पुण्याच्या माणसानं ती नव्यानं शोधली नव्हती.

मीटिंग संपली. मी लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि प्रमाणपत्रं बनवायला बसले. दोन दिवस कुठले. छोटी स्क्रिप्ट लिहिली, जेवणाच्या सुट्टीआधी सहाशे तयार. प्रत्येकावर केंद्राचं नाव आणि संगणकाचा नंबर. लोहा तीन. किनवट चौदा. प्रत्येक नकली परीक्षार्थ्याच्या हातात त्याचं त्याचं प्रमाणपत्र दिलं, त्याच्या केंद्राच्या इंटरनेटचा वेग लावला आणि सगळे एकदम सोडले.

तिसऱ्या शेकड्याला सर्व्हर धापा टाकायला लागला. येणारा प्रत्येक जण नवा. प्रत्येकाची ओळख तपासायची, त्याचं प्रमाणपत्र रद्द झालेल्यांच्या यादीत नाही ना ते बघायचं. दारात गर्दी तुंबली. जिथलं इंटरनेट हळू, ती केंद्रं आधी तुटली. किनवट, मग धर्माबाद. घड्याळ मात्र सगळ्यांचं चालू होतं. किनवटला आश्रमशाळेची पोरं बसणार होती. एकही प्रश्न न बघता त्यांचा पेपर संपला असता. मी नोंद उघडून बघितली. दारातच तुटलेल्या किनवटच्या नंबरांपुढे लिहिलेलं होतं, हजर.

येऊन गेलात तुमी.



मी प्रमुखांना ते दाखवलं. ते म्हणाले, "खऱ्या परीक्षेत इतके जण एकाच क्षणी येत नसतात."

"घंटा झाली की समदे एकदमच येत्यात," मी म्हणाले. "आमच्याकडं परीक्षेला उशिरा यायची चैन कुणाला हाय?"

"पहिल्या रिपोर्टवर सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मॅडमची 'तू' झाले होते. बरं झालं. मी पेन घेतलं. सहीच्या जागी लिहिलं, 'ही चाचणी एका लॅपटॉपची आहे. सहाशे पोरांची चाचणी नापास आहे.' त्याखाली नाव लिहिलं, पूर्ण, आणि दोन्ही निकाल क्लासच्या संचालकांना आणि प्रत्येक केंद्रप्रमुखाला पाठवले.

परीक्षा पुढे ढकलली गेली. कारण 'तांत्रिक'. सर्व्हर वाढवले, चाचणी पुन्हा झाली, सहाशे प्रमाणपत्रांवर. ती घेताना मी नव्हते. मला काढलं होतं. प्रमुख आहेत तिथंच आहेत. उदगीरचा पोरगा फोन उचलत नाही.

मायला सांगितलं. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "त्या दिशी म्या तुला चिमटा काढला. काढाया नको हुता."

मी तिला चुकलीस म्हणाले नाही आणि असू दे असंही म्हणाले नाही. चाळीस घरांना तेव्हा चिमटेच ठाऊक होते.

आता नांदेडला दुसरीकडे हेच चाचणीचं काम करते. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांना सांगून टाकलं, माझ्याच बोलीत. "एकाला हुभं करून समदे येऊन गेले म्हणून लिहिणार असाल, तर सहीला दुसरं माणूस बघा. माझ्यासमोर जितकी नावं, तितक्यांना मी दारात आणणार. येकयेकाला."

ते हसले नाहीत. हसले असते तरी मी हेच बोलले असते.