तिसरा रकाना

आसपासच्या पंधरा गावांतल्या पाट्या एकाच हातच्या होत्या, पेंटरच्या. त्याला वडिलांकडून आलेली शेतीही होती, पण ती फक्त कागदावर त्याची. पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं बायको बघायची. पेंटर बांधावर गेलाच तर पीक कुठलं आहे हे तिलाच विचारायचा.

बायकोनं फवारणीच्या पंपासाठी तीन वर्षं अर्ज केला. तिन्ही वेळा कृषी कार्यालयाचं उत्तर एकच : जमीन आपल्या नावावर नाही, सबब आपण शेतकरी नाही.

मग त्याच कार्यालयाला वरून आदेश आला. अनुदान घेणाऱ्यांची यादी बाहेरच्या भिंतीवर रंगवा. साहेबांनी पेंटरला बोलावून छापील कागद दिला.

"जसंच्या तसं उतरव. अक्कल चालवू नकोस."

पेंटरनं नाही चालवली. खडू लावलेल्या दोरीनं रेघा मारल्या आणि कागदावर होतं ते सगळं उतरवलं. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात व्यवसाय. ट्रॅक्टर घेणारे दातांचे डॉक्टर. काचेचं हरितगृह थिएटरच्या मालकांना. कडबा कापायचं यंत्र दारूच्या दुकानदाराला. विहिरीची मोटर ज्याच्या नावे होती, त्याचा व्यवसाय होता 'बालवाडी'.

दुपारपर्यंत भिंतीसमोर ही गर्दी! एक म्हातारा गाल धरून म्हणाला, "तरीच माझी दाढ एवढ्या जोरात उपटली. ट्रॅक्टर लावला असणार."

साहेब धावत बाहेर आले. "अरे, तिसरा रकाना कशाला रंगवलास?"

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, अक्कल चालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी यादीतली मंडळी कार्यालयात हजर झाली. आता आपली धडगत नाही, असं साहेबांना वाटलं. पण डॉक्टरांची तक्रार होती की नावामागे 'सुप्रसिद्ध' लिहिलेलं नाही. थिएटरच्या मालकांना नाव वरच्या ओळीत हवं होतं. दारूवाला तर खूशच होता. दुकानाचा पत्ताही टाका म्हणाला.

तेवढ्यात तपासणी पथक येणार असल्याचं कळलं. यादीत निदान एक तरी शेतकरी हवा होता. साहेबांनी पेंटरला खुर्ची दिली. "जमीन तुझ्या नावावर आहे ना? अर्ज दे. आठ दिवसांत पंप."

"पण साहेब, शेती बायको करते. तिला द्या."

"ती कुठे शेतकरी आहे?"

पेंटरनं खाली मान घालून हे घरी सांगितलं. बायकोनं खुरप्याची माती झटकली. मग म्हणाली, "घ्या. पंप कुणाच्या नावाचा आहे, ते किडीला थोडंच कळतंय?"

फोटो काढायला साहेब स्वतः शेतात आले. पेंटरनं पंप पाठीवर चढवला तो उलटा.

"अहो, तो पट्टा नाही, नळी आहे," म्हणत बायको पुढे झाली.

"बाई, जरा बाजूला सरका," साहेब म्हणाले. "शेतकऱ्याचा फोटो आहे."

त्या दिवशी पेंटरनं पहिल्यांदा फवारणी केली. चार ओळींत खांदे भरून आले. तो बांधावर बसला आणि बायकोनं पंप घेऊन उरलेलं रान संपवलं. ती संध्याकाळ त्याला फार जड गेली.

पुढच्याच आठवड्यात त्यानं निम्मी जमीन तिच्या नावावर करायला घेतली. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "भांडण झालंय का?"

"नाही हो. तिला शेतकरी व्हायचंय."

नाव लागलं. एक पंप बिघडला तर हाताशी दुसरा असावा, म्हणून बायकोनं चौथ्यांदा अर्ज केला. महिन्याभरानं उत्तर आलं : एका कुटुंबास एकदाच लाभ देय असल्याने, सदर शेतकऱ्याचा अर्ज नामंजूर.

पेंटर संतापला. बायकोनं मात्र कागद दोनदा वाचला.

"सदर शेतकरी म्हटलंय," ती म्हणाली. कागद डब्यात नीट ठेवला आणि खुरपं घेऊन निघाली.