अंगठ्याने पाहणारा माणूस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते सदाशिव लोहारमामांचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी प्रयोगशाळेत आलो, तेव्हा अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) चुंबकाचं गणित मला येत होतं. त्याची तार गुंडाळायला तिथले कारागीर असलेल्या मामांनी शिकवलं. "साहेब, डोळ्यांवर विसंबू नका, अंगठा फिरवून बघा," म्हणायचे. एक वेढा केसभर सरकला तरी चुंबक तापतं आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

काल आमच्या नव्या चुंबकाचं उद्घाटन झालं. पाहुणे त्यावर हात ठेवून फोटो काढत होते आणि मामांना पहारेकऱ्याने दारातच अडवलं होतं.

"काका, यादीत नाव नाही तुमचं."

"आतल्या चुंबकाला विचार की! ते ओळखतं मला," मामा हसून म्हणाले आणि परत फिरले.

मी व्यासपीठावरून पाहत राहिलो, उठलो नाही. त्या यादीवर माझीच सही होती. अंगठा ही आपण अडाणीपणाची खूण ठरवली आणि त्याच अंगठ्यावर आमचं विज्ञान उभं आहे. संताप येतो, सर्वांत जास्त स्वतःचा.

आज मामांना पत्र टाकलं: "मामा, शोधनिबंधावर माझ्या आधी तुमचं नाव घातलं आहे. कारागिराचं नाव लावता येत नाही, असं वरून कळवलंय. मग माझंही काढा, असं मी लिहून दिलं आहे."