सहावी बशी

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या लताबाई मुद्दाम लवकर आल्या. बारा वर्षं त्या माझ्याकडे स्वयंपाक करतात. खिडकीतल्या त्यांच्या कपात त्यांना चहा दिला, किल्ली हातात ठेवली आणि पत्र्याची एक पेटी उचलून मी बुलढाणा जिल्ह्याकडे निघाले. पेटीत जुन्या सुती साड्या होत्या. येताना त्यांच्या घड्यांमधून सहा कपबश्या यायच्या होत्या.

जुन्या कपबश्या जमवायचं वेड मला नोकरीत असल्यापासून आहे, निवृत्तीनंतर त्याला ऊत आला. पुण्याच्या घरात दोन काचेची कपाटं भरली आहेत आणि त्यातल्या एकाही कपाला चहाची चव माहीत नाही. माझी बहीण म्हणते, तुझ्याकडे दर्शन चिनीमातीचं आणि चहा स्टीलच्या पेल्यातून.

जालन्याहून एसटीने देऊळगाव राजाला पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आली होती, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत दिनकररावांचं घर. ते ऐंशीच्या घरातले, एकेकाळी बरीच जमीन बाळगून असलेले गृहस्थ. आता मुलाकडे शहरात राहायला चालले होते, म्हणून जुनं सामान विकायला काढत होते.

सेट त्यांनी समोर मांडला. त्यांच्या आजोबांनी मुंबईहून गवत भरलेल्या खोक्यातून आणलेला. पांढऱ्याशुभ्र अंगावर निळी बारीक फुलं, काठाला सोन्याची रेघ. कप उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसत होती. नखाने टिचकी मारली तर स्वच्छ नाद आला. बश्या सहा होत्या, कप मात्र पाचच.

"सहावा?" मी विचारलं.

"तो गोठ्यात राह्यचा," दिनकरराव म्हणाले. "दगडूसाठी. आमच्या इथं कामाले होता. त्याले घरातला कप कसा देणार? मंग याच्यातला एक काढला, कान उडाला होता त्याचा. गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. तो सोताच धुवायचा. आई वरून चहा ओतायची."

"मग गेला कुठे?"

"काम सोडलं तवा घेऊन गेला. माहाच हाय म्हणला. वडील काय बोलतीन? होताच त्याचा. दुसरं कोन त्याच्यात पेनार?" ते जेवणाचं बोलावं तितक्या सहज बोलत होते. "त्याची नात दुसरबीडले मास्तरीन होती. तिच्याकडं असंल तं असंल."

खरं सांगते, एवढ्या सगळ्यातून मला ऐकू आलं ते इतकंच की कप शाबूत असू शकतो. कान जोडून देणारा कारागीर पुण्यात माझ्या ओळखीचा आहे. सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) आमटी आणि ज्वारीची भाकरी त्यांनी आग्रहाने वाढली. मी भराभरा जेवले आणि पाच कप, सहा बश्या साड्यांत गुंडाळून उठलेच.

दुसरबीडला जायला काळीपिवळी (माणसं भरून नेणारी जीप) मिळाली. पेटी टपावर टाकायला मी साफ नकार दिला आणि मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता.

"काऊन ताई, अंडे हायेत का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"कपबश्या आहेत."

"दुसरबीडात कप भेटत नाही काय?" ते म्हणाले आणि अख्खी जीप हसली. सिंदखेड राजा मागे पडेपर्यंत त्यांनी पेटीचा एक कोपरा स्वतःच्या हाताने धरून ठेवला होता.

सुलोचनाताईंचं घर शाळेपलीकडे सापडलं. निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, चष्मा दोरीला बांधलेला. "जयभीम, या," म्हणाल्या. बैठकीत बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट. मी नमस्कार करून येण्याचं कारण सांगितलं. त्या आत गेल्या आणि कप घेऊन आल्या. तोच. निळी फुलं जरा विटलेली, सोन्याची रेघ पार उडालेली, कानाच्या जागी दोन खुंट.

"आबांचा हाय," त्या म्हणाल्या. "सकाळचा पहिला चहा मी याच्यातच घेते."

एवढा नाजूक कप रोज वापरात? मी म्हटलं, "तुम्ही सांगाल ते देईन. मला तो बाकीच्या पाचांत ठेवायचाय. सेट पूर्ण होईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही.

"पाचांतच होता ना तो, ताई. काढला कोनं?"

त्या चहा करायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा कप होता, आणि माझ्यासाठी तो.

"चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

कप चांगलाच पोळत होता. धरायला कान नव्हता, टेकवायला बशी नव्हती. मी या हातातून त्या हातात करत राहिले, शेवटी पदराची घडी करून धरला. त्या बघत होत्या. "आबा खांद्यावरच्या दुपट्ट्यात धरायचे," म्हणाल्या. "काम सुटलं तवा आजीनं इचारलं, हे काऊन आनलं घरात? आबा म्हणले, तिथं ठेवला असता तर उद्या दुसऱ्या कोनाले दिला असता."

चहा संपेपर्यंत मी मान वर केली नाही. मला लाज वाटत होती, आणि ती फक्त दिनकररावांच्या वतीने नव्हती. मग मी पेटी उघडली, सहावी बशी काढली आणि रिकामा कप तिच्यावर ठेवला. तो खाचेत अचूक बसला.

"ही तुमच्याकडे ठेवा," मी म्हटलं.

सुलोचनाताईंनी कप उचलून घेतला. बशी पदराने पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"नको. तुमच्याजवळच राहू द्या. बशी रिकामी दिसली की कोनी ना कोनी इचारतेच. इचारलं की सांगजा."

परतीच्या वाटेवर पेटी मांडीवरच होती, पण खड्डे मोजायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. मेलं काय जमवत होते मी इतकी वर्षं? कुठला ठसा, कुठलं साल, किती पातळ हे सगळं मला पाठ आहे. कोण कशातून प्यालं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पुण्याला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले. खिडकीत लताबाईंचा कप होता. स्टीलचा, धुऊन पालथा घातलेला. बारा वर्षं तो तिथेच आहे. तिथे ठेवा असं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि ठेवू नका असंही सांगितलं नाही.

मी पेटीतून पाचही कप काढले, धुतले आणि लताबाई आल्यावर दोघींचा चहा त्यातल्या दोन कपांत ओतला. बाकीचा सेट टेबलावरच मांडून ठेवला होता. लताबाई कपाला हात लावायला कचरत होत्या. मग त्यांची नजर शेवटच्या बशीवर गेली.

"बाई, एक फुटला का हो येताना?"

फुटला म्हणणं फार सोपं होतं. त्यांच्यामागे खिडकीत तो पालथा कप मला दिसत होता.

"नाही फुटला," मी म्हटलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा लताबाई. सांगते."